मागच्या रांगेत

अप्पा बळवंत चौकात टांगा थांबतो. खाली उतरता उतरता तुमच्या लक्षात येतं की हे १९३७ साल आहे. समोरच्या इमारतीवर ‘प्रभात’ अशी पाटी आहे. वास्तू किब्यांची, पण १९३४पासून इथे प्रभात फिल्म कंपनीचे सिनेमे लागतात. कंपनीसुद्धा आता पुण्याचीच झाली आहे. १९३३ साली तिने कोल्हापूर सोडलं आणि शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर स्टुडिओ उभा केला. त्यामुळे या गर्दीला जे दिसणार आहे ते मुंबईहून किंवा विलायतेहून आलेलं नाही. पडद्यावरचं माजघर ओळखीचं आहे, झोपाळा ओळखीचा आहे आणि झोपाळ्यावरून हुकूम सोडणाऱ्या आत्याबाई तर घरोघरी आहेत.

आज ‘कुंकू’ लागला आहे. तिकीट काढून तुम्ही आत जाता आणि बायकांच्या घोळक्यामागची एक जागा धरता. पुढच्या रांगेत सतरा वर्षांची एक मुलगी बसली आहे. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नणंद. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. तिचं नाव तुम्हाला कळणार नाही, पण तिला नीट पाहून ठेवा. जवळजवळ ऐंशी वर्षं आपल्याला या घराच्या मागे चालायचं आहे.

दिवे मालवतात. प्रभातच्या बोधचिन्हातली, तुतारी फुंकणारी ती बाई पडद्यावर येते आणि थिएटर गप्प होतं.

कथा बहुतेकांना माहीत आहे. नारायण हरी आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी अनेकांनी वाचली आहे. पोरक्या नीरेला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. जरठ-कुमारी विवाह पुण्याला नवा नाही. देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आली १८९९ साली, म्हणजे या मुलीच्या सासूनेही ती पाहिलेली असणार. पण शारदेसाठी सगळे हळहळले. नीरा कोणाला हळहळूच देत नाही. लग्न लागलं तरी ती नवऱ्याला नवरा म्हणायला तयार नाही. ती दार लावून घेते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला बडवून काढते. शांता आपटे ज्या ठसक्याने उभी राहते, तसं उभं राहताना या थिएटरातल्या कित्येक जणींनी आजवर कोणत्याही बाईला पाहिलेलं नाही.

आणि आवाज ऐका. दिग्दर्शक शांतारामांनी या सिनेमात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. घड्याळाचा लंबक, भांडी, पावलं, दाराची कडी एवढंच काय ते. रडवायला व्हायोलिन नाही की घाबरवायला ढोल नाही. आता काय वाटून घ्यायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून थिएटरात ज्याचा त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पुढच्या रांगेतली मुलगी श्वास रोखून बसली आहे, हे तुम्हाला त्यामुळेच कळतं.

केशवराव दात्यांचे काकासाहेब आरशासमोर उभे राहून मिशांना कलप लावतात. पुरुषांच्या बाजूने आधी हशा येतो, मग तो विरत जातो. दाते हे माणूस म्हणून करतात, खलनायक म्हणून नाही, आणि मला या सिनेमाची खरी ताकद तिथे वाटते. काकासाहेबांची विधवा मुलगी चित्रा वडिलांना सोडून नीरेची बाजू घेते. ती भूमिका शकुंतला परांजपे करतात, रँग्लर परांजप्यांच्या कन्या. समोरच्या प्रेक्षकांपैकी काहींनी त्यांना फर्ग्युसनच्या वाटेवर प्रत्यक्ष पाहिलं असेल.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते आणि ते जीव देऊन तिच्या वाटेतून बाजूला होतात. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलेले, तुम्हाला हा शेवट सोयीचा वाटेल. पण १९३७ साली नीरेला दुसरी वाट कुठली? हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित वाटा देणारा कायदा याच वर्षी आला आहे. काही जातींत काडीमोडीची रीत आहे, पण वकिलाच्या घरात ती चालत नाही. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा यायला १९४७ साल उजाडावं लागेल. नवरा मेल्याखेरीज नीरा सुटत नाही, हे लेखकाला ठाऊक होतं आणि तुमच्या पुढच्या रांगेलाही ठाऊक आहे.

खेळ सुटतो. शुक्रवारातल्या वाड्याकडे निघालेल्या त्या तिघींच्या मागे तुम्ही चालू लागता. वाट बुधवारातून जाते, भिडे वाड्याजवळून. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. तिघींपैकी कोणीही वर बघत नाही.

“काय बाई ती!” सासू म्हणते. “नवऱ्याच्या तोंडावर दार लावते!”

नणंद काहीच बोलत नाही. मुलगी चार पावलं मागे पडली आहे. ती पुटपुटते ते फक्त तुम्हाला ऐकू येतं.

“दार तरी होतं तिला.”

वाड्यात बारा माणसं आणि तीन खोल्या. तिच्या दोन वर्षांच्या संसाराला स्वतःची कडी मिळालेली नाही. नीरेची बंडखोरी थोर आहे याबद्दल तिच्या मनात शंका नाही. पण तिने आधी पाहिली ती खोली. समीक्षकांनी ‘कुंकू’बद्दल पुष्कळ लिहिलं. हे वाक्य मात्र कुठल्या लेखात यायचं नाही, म्हणून तुम्ही ते जपून ठेवा.

दोन वर्षांनी, १९३९च्या जुलैत, शांता आपटे आपल्या मागण्यांसाठी प्रभात स्टुडिओच्याच फाटकापाशी उपोषणाला बसतात. गावभर चर्चा होते. वाड्यातली मुलगी आता आई झाली आहे. ती बातमी ऐकते आणि कोणालाही न सांगता मनाशी ठरवून टाकते की पडद्यावरची नीरा खोटी नव्हती.

पुढची वर्षं भराभर सरतात. १९५३ साली ‘श्यामची आई’ येतो आणि ती धाकट्या तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसते. वनमालाबाई आणि लहानगा माधव वझे यांना पाहून अख्खं थिएटर रडतं. या सिनेमावरून घरी जाताना वाद होत नाही. आईच्या त्यागावर सगळ्यांचं एकमत असतं. अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते त्याला शोभतं, मीही दर वेळी रडतो. पण तुम्ही त्या बाईचा चेहरा पाहा. आई कशी असावी याचं एक चित्र तिच्या मनात त्या दिवशी कायमचं बसतं आहे.

आता १९८२. टांगे गेले, स्कूटर आल्या. वाडा सुटला आणि एरंडवण्यात दोन खोल्यांचा ब्लॉक मिळाला. ती बासष्ट वर्षांची आहे. मांडीवरचा मुलगा बत्तीसचा. त्याची बायको सत्तावीसची, बँकेत काम करते. तिघं ‘उंबरठा’ बघायला आली आहेत आणि तुम्ही नेहमीसारखे मागे आहात.

सुलभा महाजनला घरात छळ नाही. नवरा सुशिक्षित, सासू स्वतः समाजकार्य करणारी. नसते ती फक्त स्वतःच्या शिक्षणाला शोभेल अशा कामाची संधी. लांबच्या महिलाश्रमात अधीक्षकाची जागा मिळते आणि लहान मुलीला जावेकडे ठेवून ती जाते. जब्बार पटेलांनी शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून हा सिनेमा केला, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटील या गावात जन्मलेली, राष्ट्र सेवा दलात वाढलेली. तिला पाहताना प्रेक्षकांना नटी पाहिल्यासारखं वाटत नाही. शेजारच्या गल्लीतली, खांद्याला झोळी लावून फिरणारी मुलगी मोठी झालेली दिसते. सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते आणि तो ते अगदी समजूतदार स्वरात सांगतो. त्या समजूतदार स्वराचा मला आजही काकासाहेबांच्या कलपापेक्षा जास्त राग येतो.

सुलभा घराबाहेर पडते. दिवे लागतात.

स्कूटरपाशी सून म्हणते, “तिचं काय चुकलं, सांगा ना आई.”

“पोर टाकून जायचं?” सासूबाई म्हणतात. “अशी कशी आई?”

“नवऱ्यानं केलं ते?”

“तो गेला नव्हता ना घर सोडून.”

मुलगा किक मारतो. “चला, उशीर झालाय.”

तुम्हाला पुढे व्हावंसं वाटतं. बुधवारातल्या त्या रात्री त्या काय पुटपुटल्या होत्या, हे त्यांना आठवून द्यावंसं वाटतं. पण या प्रवासात तुम्हाला आवाज दिलेला नाही. आणि घाईने निवाडा करू नका, ही बाई दुटप्पी नाही. दोन खोल्यांच्या ब्लॉकमधली कडी असलेली खोली तिने स्वतःहून मुला-सुनेला दिली आणि आपण बाहेर बैठकीत गादी टाकली. नीरेच्या जागी ती स्वतः उभी राहू शकली होती. सुलभाच्या जागी तिला स्कूटरच्या मागे बसणारी सून दिसते आणि सुलभाच्या लेकीच्या जागी अजून न जन्मलेलं नातवंड. बंड करणारीवर तिचा जीव आहे. तिच्यामागे रिकाम्या राहणाऱ्या घराची तिला भीती वाटते.

सून रात्री भांडी विसळताना काहीच बोलत नाही. तिने मनात सुलभेची बाजू घेतली आहे आणि ती कधी सोडायची नाही असं ठरवलं आहे.

१९८२हून पुढे जाताना वाटेत, २००३च्या जानेवारीत, जळक्या फिल्मचा वास येतो. प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली आहे. त्यात जे गेलं ते मोजताना आजही जीव गलबलतो. तरीही ‘कुंकू’ आज बघायला मिळतो, हे आपलं नशीब.

मग २०१६चा मे महिना. अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे ढीग लागले आहेत. सोलापूर, धाराशिव, बीडकडची हजारो मुलं नव्या पेठेत, सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहतात, अभ्यासिकेत बसतात आणि मेसमध्ये जेवतात. त्यांतला एक आज मल्टिप्लेक्समध्ये तुमच्या शेजारी बसला आहे. करमाळ्याकडचा आहे. पुढच्या रांगेत, बरोबर त्याच्यासमोर, सत्तावीस वर्षांची एक मुलगी आई-बाबांना घेऊन आली आहे. आईला तुम्ही ओळखता: बँकेतली ती सून, आता निवृत्त झालेली. आजी आता नाहीत. मुलीने आज मुद्दाम हाच सिनेमा निवडला आहे आणि मागे कोण बसलंय हे तिला माहीत आहे.

‘सैराट’ सुरू होतो. केळीच्या बागा, विहीर, क्रिकेटचं मैदान. शेजारचा मुलगा खुर्चीत पुढे सरकतो. पडद्यावरची माणसं त्याच्या घरातल्यासारखी बोलताहेत आणि पुण्यातलं थिएटर त्या बोलीला हसत नाही, तिच्यावर जीव टाकतंय. खोलीवर राहायला आल्यापासून तो शब्द तोलून, उच्चार सांभाळून बोलतो. आज त्याचे ओठ संवादांबरोबर हलताहेत. ‘झिंगाट’ला लोक उठून नाचतात, बँकेतल्या आईसुद्धा टाळ्या वाजवतात. तो बसून राहतो. भर वर्गात प्रिन्स दलित प्राध्यापकांच्या कानाखाली वाजवतो, तेव्हा त्याची मूठ खुर्चीच्या हातावर आवळली जाते. पुढची मुलगी मागे वळत नाही, पण तिचे खांदे ताठ झालेले तुम्हाला दिसतात.

शेवट तुम्हाला माहीत आहे. नागराज मंजुळेंनी तिथे सगळा आवाज काढून घेतला. घड्याळ नाही, कडी नाही, काहीच नाही. लहान मूल चालत येतं, त्याची पावलं लाल उमटतात. दहा मिनिटांपूर्वी हसणारी शेकडो माणसं जागची हलत नाहीत. बाबा उघड रडताहेत. आईने रुमाल तोंडावर धरला आहे.

बाहेर, पार्किंगच्या जिन्यापाशी, मुलगी थांबते आणि मागून येणाऱ्याला हाक मारते. “आई, बाबा, याला तुम्हाला भेटवायचं होतं.”

तो वाकून नमस्कार करतो. आईचे डोळे अजून ओले आहेत. त्याच ओल्या डोळ्यांनी, मायेनेच, त्या विचारतात:

“आडनाव काय तुमचं?”

तो सांगतो. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही ते कुठल्या खणात बसतं ते पाहाल, आणि हा मुलगा दिसेनासा होईल.

क्षणभर कोणी बोलत नाही. मग बाबा विचारतात, “गाव कुठलं?” आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. आई गाडीत बसतात. एरंडवण्यापर्यंत त्या एवढंच म्हणतात की सिनेमा फार चांगला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही विवाह नोंदणी कार्यालयात उभे आहात. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. दोघांची नावं, पत्ते, सगळं. ‘सैराट’ पाहिलेल्या माणसाला भिंतीवर लावलेला पत्ता कसा दिसत असेल, याचा विचार करा. ते तीस दिवस त्या दोघांनी काढले आहेत. बाबा आले आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून. आईंनी सकाळी फोन करून वेळ विचारली होती. येते असं म्हणाल्या नव्हत्या.

तीन साक्षीदार लागतात. एक बाबा, एक अभ्यासिकेतला मित्र.

“तिसरं कोण?” टेबलापलीकडचे साहेब विचारतात.

मुलगी मागे वळून बघते. १९३७पासून तुमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. तुम्ही मागची जागा सोडून टेबलापाशी येता. साहेब पेन पुढे करतात आणि रकान्यावर बोट ठेवतात.

“पूर्ण नाव लिहा,” ते म्हणतात. “आधी आडनाव.”