पोथ्यांच्या याद्यांची एकवाक्यता

गंगाखेड (जि. परभणी) हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानतात. त्यांचे अनेक अभंग नामदेवगाथेत सामील असल्यामुळे एकाच अभंगाच्या प्रती एका संग्रहाच्या यादीत ‘जनाबाई’, दुसऱ्याच्या यादीत ‘नामदेव’ या नावाखाली जाणे संभवते. जर्मन पंडित ऑफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ मध्ये संस्कृत पोथ्यांच्या नाना याद्या तीन भागांत एकत्र केल्या. परंतु छापील यादीत नवी पोथी शिरत नाही. २००१ साली निघालेल्या ओ. ए. आय. संकेतानुसार भांडार आपल्या नव्या नोंदी मागणाऱ्या यंत्रास ठराविक पंधरा रकान्यांत पुरविते. पोथी जागची हालत नाही. तथापि यंत्र अक्षरे जुळविते, कर्ता ओळखीत नाही. सबब ‘जनी’, ‘नामयाची दासी’ या मुद्रा जनाबाईंच्या नावाशी संग्राहकांनीच जोडून द्याव्या, असे आमचे मत आहे.