टेलिफोनची वाट पाहणारी नायिका

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला फॉन डू लॅक हे गाव वसलेले आहे. या गावात लहानाची मोठी झालेल्या मॉरीन डेली या तरुणीची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. लेखिका त्या वेळी नुकती विशी ओलांडलेली होती आणि कादंबरीची नायिका सतरा वर्षांची. कथानक असे तीत फारसे नाहीच. अँजी मॉरो ही मध्यमवर्गीय घरातील मुलगी शाळेचे शिक्षण संपवून सुटीत घरी आहे. जॅक ड्युलुथ या बेकरीवाल्याच्या मुलाशी तिची जून महिन्यात ओळख होते. सरोवरावर नौकाविहार, नाचाचे कार्यक्रम, एक चुंबन, थोडे रुसवेफुगवे एवढ्यातच उन्हाळा सरतो. तो सरताना जॅकचे कुटुंब ओक्लाहोमा राज्यात जायला निघते, आणि अँजी कॉलेजच्या शिक्षणासाठी शिकागोची वाट धरते.

एवढ्याशा ऐवजावर उभ्या असलेल्या या पुस्तकाने अमेरिकेत एका साहित्यप्रकाराला वाट करून दिली. कुमारवयीन मुलींसाठी लिहिलेली प्रणयकथा हा तो प्रकार. समीक्षकांनी त्याची दखल क्वचितच घेतली, आणि घेतली ती बहुधा नाक मुरडण्यासाठी. तथापि प्रेम म्हणजे काय, त्यात कोणी बोलावयाचे आणि कोणी गप्प राहावयाचे, काय सोसावयाचे आणि कशाला प्रेम म्हणावयाचे, याचे पहिले धडे लक्षावधी मुलींनी आईकडून वा शिक्षिकेकडून घेण्याआधी याच पुस्तकांतून घेतले. त्या धड्यांचा इतिहास वरवर वाटतो तितका सरळ नाही.

असे साहित्य निर्माण होण्यासाठी आधी तसे वय निर्माण व्हावे लागते. बालपण संपले आहे आणि संसार सुरू झालेला नाही, अशी चार-पाच वर्षे समाजाने मुलीच्या पदरात टाकावी लागतात. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमूचे स्मरण मराठी वाचकाला येथे होईल. अँजी ज्या वयात पहिल्यांदा एका मुलाबरोबर नावेत बसते, त्या वयाची चाहूल लागण्याआधीच यमूच्या पिढीतील मुली सासरी गेलेल्या होत्या, आणि त्यांतील कित्येकींच्या कपाळी वैधव्यही आले होते. यमूच्या आयुष्यात ती मोकळी वर्षे नव्हतीच. अमेरिकेतही ती सर्वांना आणि सदासर्वदा होती असे नाही. १९३० नंतरच्या आर्थिक मंदीत नोकऱ्या नाहीशा झाल्या, १९३८ च्या कायद्याने मुलांच्या मजुरीवर बंधने आली आणि मुले-मुली शाळेत टिकू लागली. १९४० च्या सुमारास त्या देशातील सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी जवळजवळ निम्मी माध्यमिक शिक्षण पूर्ण करीत होती. ‘टीनएजर’ हा शब्द याच दशकात रुळला, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये ‘सेव्हन्टीन’ नावाचे मासिकही निघाले. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक दिसले होते. प्रकाशकांनाही ते दिसल्यावाचून राहिले नाही.

यानंतर जी पुस्तके आली, त्यांच्या केंद्रस्थानी एक वस्तू वारंवार आढळते. ती म्हणजे घरातल्या ओसरीवजा खोलीत ठेवलेला टेलिफोन. मुलाने फोन करावयाचा आणि मुलीने तो येण्याची वाट पाहावयाची, हा या कथांचा अलिखित नियम होता. तो काही अनादी नव्हता. बेथ बेली या इतिहासकार विदुषीने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील मध्यमवर्गात तरुण हा तरुणीच्या घरी भेटीस जाई, आणि त्याला बोलावण्याचा अधिकार तिचा अथवा तिच्या आईचा असे. पुढे शहरे वाढली, चित्रपटगृहे व उपाहारगृहे आली, मोटारी आल्या. भेट घराबाहेर गेली आणि घराबाहेर गेल्याबरोबर तिला पैसे लागू लागले. ते मुलगा देणार असल्याने पुढाकारही त्याच्याकडे गेला. दिवाणखान्यातील यजमानीण अशा रीतीने टेलिफोनशेजारची प्रतीक्षार्थिनी झाली. मुलींना अधिक स्वातंत्र्य मिळाल्याचे ज्या काळात म्हटले गेले, त्याच काळात निवडीचा आरंभ करण्याचा त्यांचा अधिकार मात्र हातचा गेला, हा बेलींचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे.

बेव्हर्ली क्लिअरी यांची ‘फिफ्टीन’ ही १९५६ सालची कादंबरी या नियमाचे अत्यंत प्रसन्न चित्र रेखाटते. शेजाऱ्यांची मुले सांभाळून चार पैसे मिळविणारी जेन पर्डी, आणि कुत्र्यांसाठी घरोघर मांस पोहोचविणारा स्टॅन क्रँडल यांची ही कथा. स्टॅनचा फोन येईल का, आला तर काय बोलावे, घरच्यांच्या देखत कसे बोलावे, या चिंतांनी जेनचे दिवस भरलेले आहेत. क्लिअरींचा विनोद इतका निर्मळ आहे की वाचकाला जेनचे हसू येते आणि कीवही येते. शेवटी स्टॅन स्वतःचे नाव कोरलेले मनगटातील कडे जेनला देतो. एकाच मुलाशी जोडी जुळल्याची ती खूण. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जोड्या जुळविण्याची रीत शाळाशाळांतून पसरली होती, आणि १९५० च्या दशकात अमेरिकन मुलीचे पहिल्या विवाहाचे सरासरी वय विशीच्या आसपास आलेले होते. पंधराव्या वर्षी मनगटावर चढलेले कडे आणि विसाव्या वर्षी बोटात येणारी अंगठी यांच्यामधले अंतर फार नव्हते. कथा कड्यापाशी थांबते. वाचणाऱ्या मुलीचे आयुष्य तेथे थांबत नसे.

मेरी स्टोल्झ यांनी मात्र त्याच टेलिफोनची दुसरी बाजू दाखविली. १९५० सालच्या ‘टू टेल युअर लव्ह’ या त्यांच्या कादंबरीतील नायिका सबंध उन्हाळाभर एका फोनची वाट पाहते, आणि तो फोन येत नाही. मुलगा दुष्ट नाही. स्वतःच्याच भावनेची धास्ती घेऊन तो दूर सरला आहे. वाट पाहिली म्हणजे फळ मिळतेच असे नाही, आणि त्यात वाट पाहणारीचा काही दोष असतो असेही नाही, हे एवढ्या कोवळ्या वाचकवर्गाला सांगणे त्या दशकात धैर्याचेच होते. स्टोल्झ यांचे नाव आज मागे पडले आहे, ही खेदाची गोष्ट होय.

या सर्व पुस्तकांचे मौनही लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांतील जग जवळजवळ संपूर्णपणे गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी कुटुंबांचे आहे. कृष्णवर्णीय मुलगी तेथे प्रेमात पडत नाही; पडली असती तरी प्रकाशकांच्या यादीत तिला जागा नव्हती. शरीरसंबंधाचा उल्लेख तर कोणी करीतच नसे. पहिल्या कादंबरीत डेली यांनी अँजीच्या थोरल्या बहिणीची, लॉरेनची, एक करुण उपकथा गुंफली आहे. आपल्याशी खेळत असलेल्या एका पुरुषाच्या मागे ही मुलगी स्वतःला केविलवाणी करून घेते. अँजी ते पाहते आणि मनाशी नोंदविते. त्या पुस्तकाचे मर्म जॅकच्या चुंबनापेक्षा या पाहण्यात अधिक आहे. जॅक जेवायला घरी येतो तेव्हा आईस्क्रीम खाताना त्याचा चमचा दातांवर वाजतो, आणि अँजी शरमून जाते. प्रेमात असतानाही तिचे डोळे उघडे राहतात ते असे.

१९६० नंतर हा साचा तरुणांनाच जुनाट वाटू लागला. ओक्लाहोमातील टल्सा शहरातल्या एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच लिहिलेली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ साली आली. तीत फोनची वाट पाहायला कोणाला सवडच नव्हती. पुढे १९७५ साली ज्युडी ब्लूम यांची ‘फॉरेव्हर’ प्रसिद्ध झाली. ज्या कथेत दोन भली मुले शरीराने जवळ येतात आणि तरीही कोणाला मरावे लागत नाही, अशी एक तरी कथा लिही, ही त्यांच्या मुलीची मागणी या पुस्तकाच्या मुळाशी होती. नायिका कॅथरिन स्वतः दवाखान्यात जाऊन संततिनियमनाचा सल्ला घेते. पुस्तकावर गदारोळ उठला, कित्येक शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या. गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. जन्मभर टिकणार म्हणून शपथा घेतलेले ते प्रेम त्या कथेत जन्मभर टिकत नाही, आणि म्हणून कॅथरिनचे आयुष्य उद्ध्वस्तही होत नाही. पहिले प्रेम संपू शकते, हा ब्लूम यांचा खरा धडा होता. शरीराचा धडा त्यामानाने दुय्यम.

परंतु व्यवसायाला संपणारे प्रेम परवडत नाही. १९७९ च्या सुमारास स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने ‘वाइल्डफायर’ ही प्रणयकथांची माला शाळांमधील पुस्तक-योजनेतून विकावयास काढली. १९८१ मध्ये ‘स्वीट ड्रीम्स’ आणि ‘फर्स्ट लव्ह’ या माला आल्या. त्याच वर्षी बालपुस्तकांतील वंश आणि स्त्रीत्व यांच्या चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या एका परिषदेने या मालांवर कडक टीकाही केली. तिचा परिणाम विक्रीवर झाल्याचे दिसत नाही. १९८३ मध्ये फ्रान्सीन पास्कल यांनी ‘स्वीट व्हॅली हाय’ सुरू केली. कॅलिफोर्नियातील एलिझाबेथ व जेसिका वेकफील्ड या सोळा वर्षांच्या सोनेरी केसांच्या जुळ्या बहिणी तिच्या नायिका. एक सालस, दुसरी कारस्थानी. कथेचा आराखडा पास्कल देत आणि लिहिणारे हात निराळे असत. ही पुस्तके मुंबई, पुणे, दिल्ली, बंगलोर अशा शहरांतील फिरत्या ग्रंथालयांतून भारतातल्या इंग्रजी शाळांच्या मुलींच्या हातीही आली. येथे फोन वाजू लागला होता, पण तो सतत वाजावा यासाठी कमरेचे माप, केसांचा रंग आणि कपडे यांची शिस्त नायिकेला पाळावी लागे. वाट पाहण्याच्या जागी आता स्वतःला प्रेक्षणीय राखण्याचे व्रत आले.

मग २००५ साली स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी अवतरली, आणि इतिहासाने चमत्कारिक वळण घेतले. नायिका बेला स्वान सतरा वर्षांची, अँजीच्याच वयाची. नायक एडवर्ड दिसतो तिच्याच वयाचा, परंतु त्याचा जन्म १९०१ चा. तो रक्तपिपासू योनीतील आहे. ती झोपलेली असताना तो रात्री तिच्या नकळत खोलीत येऊन तिला न्याहाळीत बसतो. मालेतील तिसऱ्या पुस्तकात तिने दुसऱ्या मित्राला भेटू नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. कथेत या सर्वांस प्रेमाची पराकाष्ठा मानले आहे. दुसऱ्या पुस्तकात, २००६ सालच्या ‘न्यू मून’ मध्ये, तो तिला सोडून जातो, तेव्हा लेखिकेने केवळ महिन्यांची नावे छापलेली जवळजवळ कोरी पाने घातली आहेत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. तो नाही, म्हणून तिच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही नाही. स्टोल्झ यांची नायिका वाट पाहताना विचार करीत होती, शिकत होती, आणि तिचा तो रिकामा उन्हाळा सबंध कादंबरीभर शब्दांनी भरलेला होता. ५६ वर्षांनंतरची प्रतीक्षा मात्र अक्षरशः कोरी निघाली.

दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहावेत. १९४२ सालची अँजी जॅकच्या लग्नाच्या इच्छेला मान देते, रडते, आणि तरीही आगगाडीत बसून शिक्षणासाठी निघून जाते. २००८ साली पूर्ण झालेल्या मालेतील बेला अठराव्या वर्षी लग्न करते, कॉलेजचा विचार बाजूला सारते आणि मानवयोनीही सोडते. ज्या साठ-पासष्ट वर्षांत अमेरिकन स्त्रीने न्यायालये, विद्यापीठे आणि अंतराळयानेही गाठली, त्या काळाच्या शेवटी कुमारिकांच्या सर्वाधिक लाडक्या नायिकेपाशी स्वतःचे असे आरंभीच्या नायिकेहून कमी उरले. या मालेच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. दोष एकट्या लेखिकेवर टाकणे अन्यायाचे होईल. जगात धोका पुष्कळ आहे आणि कोणीतरी अहोरात्र आपल्यावर नजर ठेवावी, ही इच्छा वाचकांच्या मनातही असली पाहिजे. मात्र नजर ठेवणे आणि काळजी घेणे यांतला भेद अँजीला कळत होता, आणि बेलाच्या कथेत तो पुसून टाकलेला आहे, हे नाकारता येत नाही.

वाचणाऱ्या मुली हे सारे जसेच्या तसे गिळतात काय? लिंडा ख्रिश्चन-स्मिथ या अभ्यासिकेने १९४२ ते १९८२ या काळातील ३४ प्रणयकादंबऱ्या तपासल्या, आणि शाळेतील मुली त्या कशा वाचतात हेही पाहिले. तिचा ग्रंथ १९९० साली आला. पुस्तकांचे स्वरूप तिला निराशाजनक वाटले, परंतु वाचकांचे तसे वाटले नाही. अभ्यासात मागे पडलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या या मुली वर्गातील रटाळ पाठांऐवजी हीच पुस्तके वाचण्याचा हट्ट धरीत आणि नायिकांचे गुणदोष काढीत. मायर यांच्याही वाचकांपैकी कित्येकींनी पुढे मोठेपणी एडवर्डच्या वर्तनावर टीका केली. नायिका सदा संकटात सापडणारी अबला आहे, या आक्षेपाला उत्तर म्हणून २०१५ साली मायर यांनी तीच कथा स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल करून ‘लाइफ अँड डेथ’ या नावाने पुन्हा लिहिली. तीत दुर्बळ मानव मुलगा आहे आणि बलवान अमर मुलगी. मूळ पुस्तकाला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने ती छापली गेली. मूळ कथेवर जीव टाकणाऱ्या सर्वच वाचकांनी तिचे तितक्याच उत्साहाने स्वागत केले नाही.