स्पेनने अमेरिका जिंकली ती उधारीवर! मग ती उधारी फेडली कुणी?

1 ऑक्टोबर 2024 रोजी क्लॉडिया शेनबॉम यांनी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. देशाच्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. पण पाहुण्यांच्या यादीत स्पेनचे राजे सहावे फेलिपे यांचं नाव नव्हतं. मग स्पेन सरकारनेही या सोहळ्याकडे पाठ फिरवली. या भांडणाचं मूळ 2019 च्या एका पत्रात आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी स्पेनच्या राजाला पत्र लिहून 500 वर्षांपूर्वीच्या अत्याचारांबद्दल माफी मागायला सांगितलं होतं. स्पेनने ती मागणी फेटाळली.

हा विषय निघाला की सहसा तीन कारणं सांगितली जातात. स्पॅनिश लोक सोन्यासाठी गेले, धर्मप्रसारासाठी गेले, नाव कमवायला गेले. तिन्ही खरी आहेत. पण त्यातून एक साधा प्रश्न सुटत नाही. सोनं तर सगळ्यांनाच हवं असतं, मग ही माणसं एवढी घाईत आणि एवढी निर्दय का होती? त्यासाठी मोहिमांचा हिशेब बघावा लागतो. यातली बरीचशी मंडळी राजाची पगारी सैनिक नव्हती. स्वतःचे आणि दुसऱ्याचे पैसे घालून ती निघाली होती, आणि ते पैसे वसूल करायचे होते.

1492 मध्ये स्पेनमध्ये काय चाललं होतं?

जानेवारी 1492 मध्ये इसाबेला राणी आणि फर्डिनांड राजा यांनी ग्रनाडा घेतलं. स्पेनमधलं शेवटचं मुस्लीम राज्य संपलं. मार्चमध्ये ज्यूंना देश सोडून जाण्याचा हुकूम निघाला. म्हणजे धर्माचा जोर होता, लढायची सवय झालेले पण आता हाताला काम नसलेले लोक होते, आणि युद्धामुळे तिजोरीची अवस्था बेताची होती.

शाळेत आपण वाचलं की 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि मसाल्याचा रस्ता बंद झाला. तो पूर्ण बंद झाला नव्हता. व्हेनिसचे व्यापारी त्यानंतरही अलेक्झांड्रियातून मिरी आणतच होते, फक्त ती महाग पडायची आणि नफा मधल्यामध्ये जायचा. स्पेनची खरी अडचण शेजारी होती. पोर्तुगालचा बार्तोलोमेव दियास 1488 मध्येच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला होता. पूर्वेचा रस्ता पोर्तुगालच्या हातात जाणार हे दिसत होतं. अशा वेळी पश्चिमेकडून आशियात पोहोचतो म्हणणारा कोलंबस भेटला.

राणीने दागिने गहाण टाकून कोलंबसला पैसे दिले ही गोष्ट आजही फॉरवर्ड होत असते. तसं झालं नव्हतं. दरबारातल्या लुईस दे सांतांखेल नावाच्या अधिकाऱ्याने पैशांची जुळवाजुळव केली, कोलंबसच्या वाट्याची रक्कम सेव्हिलमधल्या इटालियन व्यापाऱ्यांकडून आली आणि पालोस बंदरावर राजाने बसवलेल्या दंडापोटी त्या गावाने दोन जहाजं दिली. एप्रिलमध्ये करार झाला. त्यात कोलंबसला नफ्यातले 10 टक्के आणि सापडेल त्या मुलखाचं राज्यपालपद कबूल केलं होतं. सोप्या भाषेत, तो एक स्टार्टअप होता.

12 ऑक्टोबर 1492 ला तो बहामाजमधल्या एका बेटावर उतरला. पुढच्याच वर्षी 17 जहाजं आणि सुमारे 1,200 माणसं घेऊन पुन्हा गेला. आता गुंतवणूक वाढली होती, पण मसाले कुठेच नव्हते आणि सोनं थोडंच होतं. मग वसुली सुरू झाली. हिस्पॅनियोला बेटावर (आजचं हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक) सोन्याच्या भागातल्या 14 वर्षांवरच्या प्रत्येक ताइनो माणसाने दर तीन महिन्यांनी एक छोटा घुंगरू भरेल एवढं सोनं द्यायचं, असा नियम झाला. नद्यांमध्ये तेवढं सोनं नव्हतंच. 1495 मध्ये कोलंबसने सुमारे 500 ताइनो लोक गुलाम म्हणून स्पेनला पाठवले. त्यातले जवळपास 200 वाटेतच मेले.

याच काळात आपल्या किनाऱ्याशी जोडलेली एक गोष्ट घडली. 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसियास इथे तह करून अटलांटिकमध्ये एक रेघ मारली. पश्चिम स्पेनची, पूर्व पोर्तुगालची. जिथे राहणाऱ्या कुणालाही विचारलं नव्हतं ते जग दोघांनी वाटून घेतलं. गोव्यात 1510 मध्ये पोर्तुगीज आले, स्पॅनिश नाहीत, त्यामागे ही वाटणीसुद्धा आहे.

पगार नाही, मग माणसं द्या

राजाचा नियम सरळ होता. मोहिमेचा खर्च तुमचा, धोका तुमचा, लुटीतला पाचवा हिस्सा आमचा. उरलेल्यात आधी भांडवल घालणारे, मग कप्तान, मग घोडेस्वार आणि शेवटी पायदळ. शिपायाला पगार नव्हता. तो तलवार आणि कपडेसुद्धा उधारीवर घेऊन यायचा.

लूट कमी पडली की या लोकांना काय द्यायचं? त्याचं उत्तर म्हणजे 'एन्कोमिएंदा'. आपल्याकडच्या जहागिरीसारखं वाटेल, पण यात जमीन मिळत नव्हती. माणसं मिळत होती. एका स्पॅनिश माणसाला काही गावं नेमून दिली जायची. तिथल्या लोकांनी त्याला सोनं, धान्य, कापड आणि मेहनत द्यायची. बदल्यात त्याने त्यांचं रक्षण करायचं आणि त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. कागदावर ते गुलाम नव्हते. प्रत्यक्षात त्यांना खाणीत जुंपलं जायचं, शेती पडून राहायची आणि गावं उपाशी मरायची.

1511 च्या डिसेंबरमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने हिस्पॅनियोलातल्या चर्चमध्ये समोर बसलेल्या मालकांनाच सुनावलं की ही माणसं नाहीत का? मोठा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी काही कायदेही आले. व्यवस्था मात्र तशीच राहिली.

1513 पासून एक अजब कागद वापरात आला, 'रेकेरिमिएंतो'. हल्ल्याआधी तो वाचून दाखवायचा. पोपने ही भूमी स्पेनच्या राजाला दिली आहे, ती मान्य करा, नाहीतर होणाऱ्या नुकसानीला तुम्हीच जबाबदार, असा त्याचा आशय. वाचायचा स्पॅनिशमध्ये. कधीकधी तर समोर कुणी नसतानाही वाचला जायचा. अटी न वाचता 'मान्य आहे' वर क्लिक करणारे आपण निदान स्वतः क्लिक तरी करतो.

कोर्तेसची भिंत

1519 मध्ये एर्नान कोर्तेस क्युबाहून मेक्सिकोला निघाला. 11 जहाजं, 500 च्या आसपास शिपाई, 16 घोडे. निघताना तो कर्जात होता. वर क्युबाचा राज्यपाल वेलास्केस याने त्याचा अधिकार काढून घेतला होता, म्हणजे परत गेला तर तुरुंग ठरलेला. त्याने आपली जहाजं निकामी केली (जाळली नाहीत, तीही एक दंतकथाच) आणि पुढे निघाला.

500 माणसांनी आझ्टेक साम्राज्य पाडलं असं आपण ऐकतो. तसं होणं शक्यच नव्हतं. आझ्टेकांच्या खंडणीला कंटाळलेले लोक आणि त्लाश्कालासारखे शत्रू हजारोंच्या संख्येने कोर्तेसच्या बाजूने लढले. मालिंत्सिन ही भेट म्हणून दिलेली तरुणी दुभाषी म्हणून त्याच्या सोबत होती, तिच्याशिवाय त्याला समोरच्याचं बोलणंही कळलं नसतं. आणि 1520 मध्ये देवीची साथ आली. या रोगाशी तिथल्या लोकांच्या शरीराची आधी कधीच गाठ पडली नव्हती. मोक्तेझुमानंतर गादीवर आलेला कुइत्लाउआक हाही त्यातच गेला. 13 ऑगस्ट 1521 ला वेढा पडलेलं तेनोच्टिट्लान शहर संपलं. त्याच जागेवर आजचं मेक्सिको सिटी उभं आहे.

आणि मग हिशेब झाला. राजाचा पाचवा हिस्सा गेला, कोर्तेसने स्वतःसाठी आणखी एक पाचवा काढला, खर्च वजा झाला. दोन वर्षं लढलेल्या शिपायांच्या हाती इतकं कमी आलं की तलवारीची उधारी फिटेना. सोनं लपवलं असेल या संशयाने शेवटचा आझ्टेक राजा कुआउतेमोक याचे पाय तेल ओतून भाजले गेले. फारसं काही मिळालं नाही. चिडलेल्या शिपायांनी कोर्तेसच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर रात्री टोमणे लिहायला सुरुवात केली, सकाळी कोर्तेस खाली उत्तर लिहायचा. ती तेव्हाची फेसबुक वॉलच. शेवटी त्याने त्यावर बंदी घातली.

माणसं बंड करतील हे दिसल्यावर त्याने त्यांना एन्कोमिएंदा वाटल्या. 1523 मध्ये राजाने असं करू नका म्हणून कळवलं, तोपर्यंत वाटप झालं होतं आणि कोर्तेसने ते मागे घेतलं नाही. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांचं आयुष्य शिपायांचा थकलेला पगार भागवायला वापरलं गेलं.

पेरूमध्ये भागीदारी तर आणखी उघड होती. पिझारो, आल्माग्रो आणि लुके नावाचा धर्मगुरू यांनी 1524 मध्ये जुगाड जमवला. नोव्हेंबर 1532 मध्ये पिझारोने 168 माणसांनिशी काखामार्का इथे इन्का सम्राट अताहुआल्पाला दगा देऊन पकडलं. सुटकेसाठी अताहुआल्पाने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देण्याचं कबूल केलं. सुमारे 6 टन सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी जमा झाली, बहुतेक कलाकुसर वितळवून विटा केल्या गेल्या. तरी जुलै 1533 मध्ये त्याला मारलंच. पुढे वाटणीवरून भागीदार भांडले. 1538 मध्ये पिझारोच्या भावाने आल्माग्रोला संपवलं, 1541 मध्ये आल्माग्रोच्या माणसांनी लिमामध्ये पिझारोला.

राजाने थांबवायचा प्रयत्न केला का?

केला. बार्तोलोमे दे लास कासास हा आधी स्वतः एन्कोमिएंदाचा मालक होता. 1514 मध्ये त्याने ती सोडली आणि उरलेलं आयुष्य स्थानिकांच्या बाजूने भांडण्यात घालवलं. (त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा असंही त्याने सुचवलं होतं, ज्याचा नंतर त्याला पश्चात्ताप झाला.) 1542 मध्ये राजा पाचव्या चार्ल्सने 'नवे कायदे' काढले. स्थानिकांना गुलाम करायचं नाही, एन्कोमिएंदा वारसाला मिळणार नाही. राजाला कणव होती तशी धास्तीही होती, समुद्रापार वंशपरंपरागत सरदार तयार झाले तर त्यांना आवरणार कोण? पेरूमध्ये उठाव झाला आणि 1546 मध्ये राजाचा व्हाइसरॉयच मारला गेला. मेक्सिकोत अधिकाऱ्यांनी शहाणपणाने अंमलबजावणी थांबवली. 1545 मध्येच वारसाचं कलम मागे घेतलं गेलं होतं.

दरम्यान माणसं मरत होती. आकड्यांवर वाद आहेत, पण पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मूळ लोकसंख्या 80 ते 90 टक्क्यांनी घटली असं अनेक इतिहासकार मानतात. बहुतेक मृत्यू देवी, गोवरसारख्या रोगांचे. "मग स्पेनचा काय दोष" असं यावर म्हटलं जातं. पण उपाशी, घरापासून तोडलेल्या आणि खाणीत राबणाऱ्या माणसाला रोग झाला की तो वाचण्याची शक्यता किती?

चांदी गेली कुठे?

1545 मध्ये आजच्या बोलिव्हियात पोतोसीचा चांदीचा डोंगर सापडला. 1570 च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने इन्कांची जुनी 'मिता' ही पद्धत वाकवून तिथे वेठबिगारी लावली. गावागावांतून पाळीने पुरुष यायचे, चांदी वेगळी करायला पारा वापरायचे, त्याचं विष अंगात भिनायचं. 1600 नंतर लवकरच या उंच, थंड जागी दीड लाखाच्या आसपास वस्ती होती.

एवढं करून स्पेन श्रीमंत झाला का? राजांनी येणाऱ्या चांदीच्या भरवशावर युरोपभर युद्धं केली आणि जहाज बंदराला लागण्याआधीच ती जर्मन आणि जिनोआच्या सावकारांकडे गहाण असायची. दुसऱ्या फिलिपच्या काळात 1557, 1575 आणि 1596 मध्ये स्पेनने कर्जफेड थांबवली. घरात महागाई वाढली ती वेगळीच. बरीच चांदी मनिलामार्गे चीनला गेली, काही युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेत येऊन मुघल टाकसाळीत रुपये बनली. आपल्याकडे आलेली मिरची, टोमॅटो आणि बटाटाही त्याच खंडातले, आणि 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला असला तरी मूळचा ताइनो लोकांचा आहे.

पोतोसीच्या डोंगरात आजही खाणकामगार उतरतात, उरलीसुरली चांदी, जस्त आणि कथील काढायला. इतकी वर्षं पोखरून डोंगराचा माथा खचायला लागला, म्हणून 2014 मध्ये युनेस्कोने या शहराला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं.