बुळकांडीचे निर्मूलन आणि लसीची शीतसाखळी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बुळकांडी हा गुरांच्या इतिहासातील अत्यंत संहारक रोग होय. १८९० च्या दशकात त्याने आफ्रिकेतील कळपच्या कळप नष्ट केले. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे अधिकृतरीत्या जाहीर झाले. मानवातील देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग ठरला. या यशाचे श्रेय सामान्यतः लसीच्या शोधाला दिले जाते. परंतु उत्तम लस उपलब्ध झाल्यानंतरही निर्मूलनास जवळजवळ अर्धशतक लागले. या विलंबास युद्धे, निधीची चणचण, प्रशासकीय शैथिल्य अशी अनेक कारणे होती. त्यांपैकी लसीची साठवण व हाताळणी या काहीशा उपेक्षित कारणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुणे ते मुक्तेश्वर

भारतातील पशुरोग संशोधनाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. घातक जंतूंवरील काम वस्तीपासून दूर व्हावे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. तेथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये वारंवार वाढवून सौम्य केला आणि त्यातून लस सिद्ध झाली. ओल्या स्वरूपातील ही लस अल्पकाळच टिकत असे. ती गोठवून वाळविण्याचे तंत्र आल्यानंतर दूरच्या प्रांतांत पाठविणे सुकर झाले. १९५४ मध्ये भारताने राष्ट्रीय निर्मूलन मोहीम हाती घेतली.

प्रभावी लस आणि तिची मर्यादा

केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनाच्या साहाय्याने नवी लस तयार केली. तिचे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच मात्रेने दीर्घकाळ संरक्षण देणारी ही लस सुरक्षित व स्वस्त होती. तथापि ती जिवंत विषाणूची लस असल्याने उष्णतेपुढे दुर्बल होती. वाळविलेली कुपी थंडीत ठेवणे आवश्यक होते, आणि द्रावणात मिसळल्यानंतर ती काही तासांतच वापरावी लागे.

१९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेत राबविलेल्या संयुक्त मोहिमेत कोट्यवधी गुरांना ही लस टोचण्यात आली. रोग बराच ओसरला. मात्र दुर्गम पशुपालक प्रदेशांत तो टिकून राहिला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा पसरला. जेथे रस्ता, वीज व बर्फ नव्हते, तेथेच नेमका हा रोग दडून राहिला होता, ही बाब लक्षणीय आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. लस न टोचलेले जनावर असुरक्षित असते आणि ते असुरक्षित आहे हे माहीतही असते. निकामी लस टोचलेले जनावर तितकेच असुरक्षित असते. परंतु नोंदवहीत ते सुरक्षित म्हणून गणले जाते. म्हणून टोचलेल्या गुरांची संख्या ही प्रतिकारशक्तीचा पुरावा ठरू शकत नाही.

उष्णता सहन करणारी लस

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे जेफ्री मरिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लोराइट यांच्याच लसीची वाळविण्याची प्रक्रिया व स्थिरीकारक द्रव्ये सुधारून ‘थर्मोव्हॅक्स’ सिद्ध केली. ही लस शीतपेटीबाहेर सुमारे महिनाभर टिकू शके. त्यामुळे ती पायी वा उंटावरून नेणे शक्य झाले. इथिओपियातील अफार प्रदेश व दक्षिण सुदान येथे पशुपालकांमधूनच निवडलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ती कळपांपर्यंत पोहोचविली. अर्थात शिस्तीची गरज संपली नाही. मिसळलेली लस त्वरित वापरण्याचे बंधन कायमच राहिले. रोगाचा अखेरचा ज्ञात उद्रेक २००१ मध्ये केनियात आढळला. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २००६ मध्ये देशास संसर्गमुक्त दर्जा मिळाला.

आजचा संदर्भ

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत रोगावर भर आहे. या रोगाची लस मृत विषाणूची असून ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. उष्णतेप्रमाणेच गोठण्यानेही ती निकामी होते. बर्फाला चिकटून ठेवलेली कुपी बाहेरून ठीक दिसली, तरी तिचा गुण नष्ट झालेला असू शकतो. याउलट बुळकांडीची वाळविलेली लस गोठविलेल्या अवस्थेतच अधिक काळ टिकत असे. सारांश, साठवणीचा एकच नियम सर्व लसींना लावता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बुळकांडीचे निर्मूलन प्रयोगशाळेत आरंभले. परंतु ते पूर्ण झाले कुरणांत. लसीचे सामर्थ्य कारखान्यातून निघताना किती होते, यापेक्षा जनावराच्या शरीरात शिरताना किती उरले, हा प्रश्न निर्णायक ठरला. गोठ्यातील शीतपेटी, तापमापक व तापमानाची रोजची नोंद ही साधने सामान्य भासली, तरी निर्मूलनाच्या इतिहासात त्यांचे स्थान संशोधनाच्या खालोखालचे नसून बरोबरीचे आहे.