भाता, काटे आणि ढग

शहाद्यातील माझ्या घरी संगणकाच्या पडद्यावर रोज संध्याकाळी एक छोटे सेसना विमान मुंबईला उतरू पाहते. पडद्यावर मी नेहमी आषाढ लावतो. ढग इतके खाली की धावपट्टी दिसू नये. विमाने प्रत्यक्ष पाहायची तर पूर्वेला शिरपूरजवळ तांड्याला जावे लागते; तेथे वैमानिक शिकतात. माझ्या उद्योगाला घरचे खेळ म्हणतात. मीही म्हणत होतो. पण या खेळाचा इतिहास वाचू लागलो आणि शब्द जरा जपून वापरू लागलो.

1929 साली न्यूयॉर्क राज्यात दोन गोष्टी घडल्या. 24 सप्टेंबरला मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ यंत्रांकडे पाहत उडाला आणि उतरला. त्याच वर्षी बिंगहॅम्टनला एडविन लिंकने लाकडी विमानपेटी तयार केली. वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना. ऑर्गनचे भाते त्याने पेटीखाली बसवले, आणि ती विमानासारखी कलू लागली. सुरुवातीची गिऱ्हाइके करमणुकीच्या बागांचीच! 1934 मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले. हिमवादळांत काही आठवड्यांतच अनेक वैमानिक दगावले, तेव्हा सैन्याने सहा पेट्या विकत घेतल्या.

ते का दगावले, हे समजून घेण्यासारखे आहे. ढगात कानातला तोल फसवतो. पंख कललेला असतो, शरीर मात्र सरळ असल्याची ग्वाही देते. तेथे स्वतःवरचा विश्वास सोडून काट्यावर ठेवावा लागतो.

उतरण्याचे काटे दोन. जमिनीवरून 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर रेडिओलहरींवर सोडतात. दोन्ही सारखे भरतात ती धावपट्टीची मध्यरेषा. अशीच दुसरी जोडी साधारण तीन अंशांचा उतार आखते. 26 जानेवारी 1938 रोजी पिट्सबर्गला हिमवादळात नियमित प्रवासी विमान या खुणांवर प्रथम उतरले. ऑटोपायलट त्याहून जुना. लॉरेन्स स्पेरीने 1914 मध्येच पॅरिसला सीन नदीवर हात वर करून विमान उडवून दाखवले होते. पण त्याला धावपट्टी कुठे आहे ते ठाऊक नसते. काटा सांगेल तिकडे तो जातो.

हे न उमजल्याने माझी फजिती झाली. उताराची रेषा खालून पकडायची असते. मी वर असतानाच अप्रोचचे बटण दाबले. विमान मध्यरेषा धरून, पण त्याच उंचीवर, धावपट्टी आणि जुहू ओलांडून अरबी समुद्रावर गेले. त्याच जुहूला 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथमधून रेडिओशिवाय उतरले होते. पुढे पावसाळ्यात जुहूचा चिखल होई आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. आज आषाढातही मुंबईला विमाने उतरतात त्यामागे हे दोन सूरही आहेत.

दुसरी चूक मोठी. मी ऑटोपायलट शेवटपर्यंत सोडलाच नाही, आणि विमान जमिनीवर आदळले. पहिल्या श्रेणीच्या उतरणीत 200 फुटांवर निर्णय घ्यायचा असतो: दिवे दिसले तर उतरा, नाही तर वर जा. माझी खुर्ची हलत नाही, शरीर फसवत नाही; त्या बाबतीत लिंकचा भाता माझ्या संगणकाहून सरस होता.

काल 200 फुटांवर काहीच दिसले नाही. पूर्ण शक्ती दिली, नाक वर घेतले.

मुलीने विचारले, "बाबा, उतरलं का?"

"नाही. परत वर गेलो."