औंधकरांचे नमस्कार

स्थूल मनुष्यास व्यायामाचें महत्त्व कळत नाहीं, असें नव्हे. तालमींत लंगोट लावून चारचौघांपुढें उभें राहण्याची त्यास लाज वाटते. लोक तिलाच आळस म्हणतात. सातारा प्रांतींचे औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं १८९७ च्या सुमारास सँडोचीं साधनें आणवून दहा वर्षें मेहनत केली. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यानें ते सूर्यनमस्कारांकडे वळले. या व्यायामास न आखाडा लागे, न प्रेक्षक. साडेतीन हात जमीन पुरे. लाजऱ्या देहास घरांतच वाट मिळाली. मात्र पुढें संस्थानच्या शाळांतून हेच नमस्कार सर्वांस घालावयास लाविले. लठ्ठ मुलास रांग म्हणजे पुन्हां तीच चारचौघांची नजर! सक्तीनें कंबर वांकते. मनाची उमेद तीमुळें वाढतेच असें नाहीं.