एका चेंडूची थकबाकी

माझ्या धाकट्या बहिणीची नात बारा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती शाळेतून आली, तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं माखलेले होते. शाळेत पोरांचा फुटबॉलचा सामना होता. ही बाहेर गेलेला चेंडू आणून देत होती. दप्तर टाकत तिनं मला विचारलं, "नाना, पोरांची टीम है, हमारी कायकू नै?"

बहीण समोर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मीही काही बोललो नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

ही गोष्ट १९८२-८३ची. मी आठवीत होतो, ती सहावीत. मधल्या सुटीत पोरं रबरी चेंडूनं फुटबॉल खेळायची. दोन विटा ठेवल्या की गोल तयार. एकदा गोलात उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून तिला उभं केलं. आठवडाभर ती उभी राहिली आणि तिच्या अंगावरून चेंडू जाणं मुश्कील झालं. पोरं तिचं कौतुक करायला लागली आणि मला ते सहन झालं नाही. मीच घरी सांगितलं. अब्बांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. "उद्यापासून मधल्या सुटीत घरी यायचं," एवढंच म्हणाले. दोन वर्षांनी तिची शाळा सुटली. पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, बाईच्या दुःखावरही लिहिलं. त्या दोन विटांवर मात्र कधी लिहिलं नाही.

मित्रहो, पोरींनी फुटबॉल खेळू नये असं सांगणारे आम्हीच होतो असं नाही. फुटबॉलचं माहेर म्हणजे इंग्लंड. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावातल्या डिक-कर कारखान्यातल्या बायकांनी १९१७मध्ये संघ काढला. जखमी सैनिकांसाठी, गरजूंसाठी त्या सामने खेळत आणि निधी जमवून देत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं लोटली. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. पन्नास वर्षं! आमच्या अब्बांनी एका वाक्यात जे केलं, ते साहेबानं ठराव करून केलं, एवढाच काय तो फरक. खेळू नका असं त्यांना कुणी थेट म्हटलं नाही. फक्त मैदान काढून घेतलं. खेळ बंद करायला तेवढं पुरतं.

आपल्याकडं काय घडत होतं? १९७५मध्ये महिला फुटबॉलचा वेगळा महासंघ स्थापन झाला. त्यांच्या पाठीशी ना पैसा होता, ना मोठी नावं. तरी १९८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. साल लक्षात घ्या. माझ्या बहिणीला गोलातून घरी बोलावलं ते याच सुमारास. ही बातमी तेव्हा आमच्या घरात कुणी वाचून दाखवली असती तर अब्बांचं मन बदललं असतं का, हे मी सांगू शकत नाही. पण माझं बदललं असतं. पुढं नव्वदच्या दशकात महिलांचा कारभार मुख्य महासंघाकडं गेला. राष्ट्रीय स्पर्धा होत राहिल्या, मणिपूरच्या मुली त्या जिंकत राहिल्या. ओइनम बेंबेम देवी हे त्यांतलं मोठं नाव. त्यांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या मराठवाड्याचं फुटबॉलशी एक विसरलेलं नातंही आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या काळात हैदराबाद म्हणजे फुटबॉलची राजधानीच. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळवलं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. त्याच्या महिनाभर आधी मराठवाडा हैदराबादेतून निघाला होता. आपण निघालो आणि चेंडू तिकडंच राहिला, असं मी गमतीनं म्हणतो. पण रहीमसाहेबांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती अशी की मोठा संघ घडवायला एक शाळामास्तर पुरतो.

हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचं खेडं आहे. तिथल्या सरकारी शाळेत पोरांच्या हातात चेंडू होता, पोरी बघत उभ्या असायच्या. त्यांनी मागितला, मास्तरांनी दिला. पुढं २०१६-१७मध्ये भारतीय महिला लीग पहिल्यांदा भरली, तेव्हा दिल्लीतल्या अंतिम टप्प्यातल्या सहा संघांत एक या खेड्याचा होता. महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटीही त्यांत होता. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन विजेता ठरला. पुढं कोल्हापूरच्या मुलींचा संघही या लीगमध्ये खेळला. कोल्हापूरचं नवल नाही. तिथं तालमी-तालमींचे फुटबॉल संघ आहेत.

मला जास्त जवळची वाटते ती मुंब्र्याची गोष्ट. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत घेऊन या गावात आली. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या. तिथं २०१२ साली काही मुली फुटबॉल खेळू लागल्या. सबा खान आणि त्यांच्या मैत्रिणींनी त्यातून 'परचम' ही संस्था उभी केली. परचम म्हणजे झेंडा. कुणी बुरखा बाजूला ठेवून खेळत होती, कुणी ओढणी बांधून, आणि शेजारी हिंदू मैत्रिणी. मैदान मात्र पोरांचंच. मग या मुली सह्या गोळा करत घरोघरी फिरल्या, लोकप्रतिनिधींकडं गेल्या आणि मुलींसाठी मैदान मागितलं. सावित्रीबाई आणि त्यांच्या सहकारी फातिमाबी या दोघींच्या नावानं त्या स्पर्धा भरवू लागल्या. हे नाव वाचलं तेव्हा वाटलं, शाळेची वाट ज्या दोघींनी मिळून चालली, त्यांना मैदानावरही एकत्र आणलं हे बरं झालं.

काहीजण डोक्यावरच्या कापडाचं विचारतात. २०११मध्ये इराणच्या मुलींना त्याच कापडापायी ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला गेला नव्हता. २०१४मध्ये जागतिक नियम बदलला. २०२३च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. ज्या मुलीला बांधायचं तिनं बांधावं, जिला नको तिनं बांधू नये. चेंडूला दोन्ही चालतात.

आता आपल्या भागाचं बोलू. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल वाटले गेले, लाखो मुलं-मुली त्या दिवशी खेळली. दिवस छान होता. पण एका दिवसानं खेळ रुजत नाही. स्पर्धेचंही तसंच. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ दुपारच्या एसटीनं घरी जातो आणि वर्षभर चेंडूला हात लावत नाही. लीगचं तसं नसतं. १८८८मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम मॅकग्रेगर यांनी बारा क्लबांची पहिली लीग जमवली, ती याचसाठी की सामने आधी ठरलेले असावेत आणि ते व्हावेतच. हरलात तरी पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचं. आपल्या मुलींना नेमकं हेच कधी मिळत नाही, पुढचा रविवार.

समजा मुखेड, कंधार, देगलूर, नायगाव, जळकोट आणि उदगीर असे सहाच संघ घेतले. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर पंधरा सामने होतात, पाच रविवारांत संपतात. सात-सात मुलींचा संघ केला तर लहान मैदानही चालतं. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा प्रवासाचं ओझंही हलकं होतं. अडचण वेगळीच आहे. दसऱ्यानंतर आपल्या तांड्यांवरची, वाड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. पोरीही जातात, धाकट्या भावंडांना सांभाळायला. हिवाळ्यात लीग घेतली तर त्या मुली वगळल्या जातील, आणि पळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. म्हणून लीग जुलै ते सप्टेंबर घ्यावी. काळी माती बुटाला चिकटेल, एखादा सामना पावसात वाहून जाईल, तो पुढच्या रविवारी घ्यावा. आणि संघात नाव असलेली मुलगी मागं राहू शकेल अशी तिची शाळेजवळ राहायची सोय झाली तर त्याहून मोठा विजय नाही. आपल्याकडं पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न ठरवणारी घरं अजून आहेत. 'रविवारी माझा सामना आहे' हे वाक्य ते लग्न थांबवील असा माझा दावा नाही. पण घरात तिच्या बाजूनं बोलायला एक कारण वाढेल.

त्या संध्याकाळी नात झोपल्यावर मी बहिणीला म्हणालो, "हिची टीम काढायची का?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "निकालो. पर भाई, इस बार घर पे जा के मत बोलना."

चाळीस वर्षांनी तिनं तो विषय काढला, आणि तोही हसत. मी मात्र या वेळी सगळ्यांना सांगायचं ठरवलं आहे. तुमच्यापासून सुरुवात केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)